चोर सुटला, संन्याशाला सुळी

कुलूप ही आपल्याकडे घरधन्याच्या बाजूची वस्तू मानली जाते. दाराला कुलूप घातलं की किल्ली कनवटीला नाहीतर पदराच्या टोकाला. कुलूप आपलं, किल्ली आपली आणि आतला ऐवजही आपला. बाहेर राहायचं ते चोरानं. पण संगणक आणि सीडी घरात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर एक नव्या जातीचं कुलूपही आलं. वस्तू आपण पैसे मोजून विकत घ्यायची, ती आपल्याच घरात राहायची, पण तिला कुलूप विकणाऱ्याचं आणि किल्लीही त्याच्याच खिशात. आज मला या कुलपाविषयी बोलायचं आहे.

इंग्रजीत याला ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ असं भारदस्त नाव आहे; थोडक्यात डीआरएम. पूर्वी सरळ ‘कॉपी प्रोटेक्शन’ म्हणायचे. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. कॅसेटवरून कॅसेट भरली की आवाज बसायचा, खरखर वाढायची. चौथ्या-पाचव्या नकलेत गाणं ओळखू आलं तरी नशीब. डिजिटल नकलेचं तसं नाही. हजारावी नक्कलही मुळाइतकीच स्वच्छ निघते आणि ती करायला क्षणभरही लागत नाही. मराठी प्रकाशकांना विचारा. हजार प्रतींची आवृत्ती खपायला दोन-चार वर्षं जातात आणि त्याच पुस्तकाची पीडीएफ एका दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर होते. लेखकाचा, गायकाचा मोबदला बुडतो हे खरं आहे. तेव्हा नक्कल रोखावी ही मागणी मी चुकीची मानत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की हे कुलूप नेमकं कुणाला अडवतं?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००५ सालचं, अमेरिकेतलं आहे. सोनी बीएमजी या संगीत कंपनीने काही सीडींमध्ये एक्ससीपी नावाची संरक्षण यंत्रणा घातली होती. ती ‘फर्स्ट फोर इंटरनेट’ नावाच्या ब्रिटिश कंपनीने तयार केलेली. सीडी संगणकात घातली की एक करारनामा पडद्यावर यायचा. आपण सगळे करतो तसं न वाचता ‘मान्य’ वर टिचकी मारली की गाणी सुरू व्हायची. पण त्याचबरोबर एक प्रोग्रॅम संगणकाच्या पोटात जाऊन बसायचा आणि स्वतःला लपवून घ्यायचा. संगणकाच्या मालकाला तो फायलींच्या यादीत दिसायचाच नाही. अशा लपून बसणाऱ्या प्रोग्रॅमला ‘रूटकिट’ म्हणतात आणि ही युक्ती तोवर संगणकात घुसखोरी करणाऱ्यांची म्हणून ओळखली जात होती.

मार्क रुसिनोविच नावाच्या तज्ज्ञाने अशी रूटकिट शोधणारं एक साधन तयार केलं होतं. ते स्वतःच्याच संगणकावर चालवून पाहताना त्याला हा पाहुणा सापडला. माग काढत गेल्यावर कळलं, की तो रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून आला आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने हे जाहीर केलं आणि गहजब उडाला. कारण ज्या फाइलच्या नावाच्या सुरुवातीला एक विशिष्ट अक्षरसमूह असेल ती प्रत्येक फाइल हा प्रोग्रॅम लपवायचा. मग ती कंपनीची असो, नाहीतर कुणा भामट्याची. दोन आठवड्यांच्या आत या आडोशाचा फायदा घेणारे व्हायरस निघालेसुद्धा. बरं, हा प्रोग्रॅम हाताने काढून टाकावा, तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. कंपनीने तो काढण्यासाठी दुसरा प्रोग्रॅम दिला, तर त्याने संगणकाला आणखी मोठं भगदाड पडतं असं प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं.

घरी पाहुण्यांसाठी मिठाईचा पुडा आणावा आणि त्याबरोबर दुकानदाराचा रखवालदारही घरात शिरावा, असा हा प्रकार. तुम्ही मिठाई शेजाऱ्यांना वाटत नाही ना, एवढं पाहायला तो आलेला. पण लपून राहता यावं म्हणून त्याने तुमच्या माजघरात भुयार खणलं आणि त्या भुयारातून खरे चोर आत आले.

त्या करारनाम्यातल्या अटी तर वाचण्यासारख्या होत्या. ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या अमेरिकन संस्थेने त्या उलगडून सांगितल्या. घरी चोरी होऊन मूळ सीडी गेली, तर संगणकातली गाणी तुम्ही पुसून टाकायची. दिवाळं निघालं, तर पुसून टाकायची. देश सोडून गेलात, तरीही पुसून टाकायची. यावर कडी म्हणजे, त्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यांनी लिहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचे तुकडे परवान्याच्या अटी न पाळता वापरलेले आढळले. म्हणजे नक्कल रोखणाऱ्याचीच वही दुसऱ्याची पाहून लिहिलेली!

या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीवर याबद्दल विचारलं गेलं. रूटकिट म्हणजे काय हेच बहुतेकांना ठाऊक नाही, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. लोकांनी फिकीर केली. टेक्सास राज्याने खटला भरला, ग्राहकांनी दावे लावले. कंपनीला त्या ५२ प्रकारच्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. तोवर २० लाखांहून अधिक सीडी विकल्या गेल्या होत्या. जानेवारी २००७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर समझोता झाला आणि संगणकाच्या नुकसानीपोटी ग्राहकाला १५० डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं कंपनीने कबूल केलं.

श्रोतेहो, या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याने तीच गाणी इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतली, त्याच्या संगणकाला काहीही झालं नाही. त्याच्या वाट्याला करारनामा नाही, रखवालदार नाही आणि भुयारही नाही. त्रास झाला तो दुकानात जाऊन पैसे देणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती हीच.

डीव्हीडीची गोष्टही अशीच. माझा भाचा न्यू जर्सीहून येताना आवर्जून काही इंग्रजी सिनेमांच्या डीव्हीडी घेऊन आला. घरातल्या प्लेअरने त्या नाकारल्या, कारण सिनेमा कंपन्यांनी जगाची विभागणी केलेली. अमेरिका विभाग १, युरोप आणि जपान २, आणि आपण विभाग ५ मध्ये. सिनेमा एकेका देशात वेगवेगळ्या वेळी प्रदर्शित व्हायचा, म्हणून एका विभागातली तबकडी दुसऱ्या विभागातल्या प्लेअरवर चालू नये ही व्यवस्था. संगणकातल्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा असायची, पण फक्त पाच वेळा. त्यानंतर तो कायमचा एका विभागाचा. आणि फुटपाथवर मिळणारी चोरटी डीव्हीडी? ती सगळीकडे चालायची. अधिकृत तबकडीवर ‘नक्कल करणं हा गुन्हा आहे’ ही सूचना मुकाट्याने पाहावी लागायची, बटण दाबून पुढेही जाता यायचं नाही. चोरट्या तबकडीवर ती सूचना काढून टाकलेली! म्हणजे चोरी करू नका हा उपदेश ज्याने चोरी केली नाही त्याने ऐकायचा.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो. मी पुण्यात बरीच वर्षं अक्षरजुळणीचा, म्हणजे डीटीपीचा लहानसा व्यवसाय केला. मराठी टाइप करण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर त्या काळी एक काडेपेटीएवढी डबी यायची. तिला ‘डाँगल’ म्हणायचे; आम्ही धंद्यातली माणसं नुसतं ‘लॉक’ म्हणायचो. ती संगणकाच्या मागे, प्रिंटरची केबल लागते तिथे बसवायची. डबी असेल तर सॉफ्टवेअर चालणार, नसेल तर नाही. एका वर्षी दसरा उलटून गेलेला, दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फॉर्म बाकी, आणि ती डबी मेली. कंपनीला फोन केला. खरेदीची पावती माझ्यासमोर होती. उत्तर मिळालं, डबी पाठवा, आम्ही तपासू, आणि घाई असेल तर नवा परवाना घ्या. नवा परवाना म्हणजे पुन्हा पूर्ण किंमत. एका व्यवसायबंधूने रात्रीपुरती स्वतःची डबी काढून दिली म्हणून अंक वेळेवर निघाला. गंमत अशी, की आमच्याच गल्लीत त्याच सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत वापरणारे दोघंजण होते. त्यांचं काम एक दिवसही अडलं नाही.

तो दिवाळी अंक निघून गेला आणि त्रासही मी विसरलो असतो. पण खरा फटका पुढे बसला. नव्या संगणकांना ती जुनी जोडणीच राहिली नाही. कंपनीनेही ती आवृत्ती बंद केली. आणि त्या सॉफ्टवेअरची अक्षरं युनिकोडमधली नसल्यामुळे दुसरीकडे फाइल उघडली की मराठीऐवजी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. एका कवीचा संग्रह मी जुळवला होता. ते गेल्यावर काही वर्षांनी त्यांच्या मुलीला दुसरी आवृत्ती काढायची होती. ती आली. फाइल माझ्याकडे जपून ठेवलेली होती, फक्त ती वाचता येत नव्हती. शेवटी छापील पुस्तक पुढ्यात ठेवून सगळ्या कविता पुन्हा टाइप केल्या आणि पुन्हा मुद्रितं तपासली. कवितांवर हक्क त्या मुलीचा, काम माझं, सॉफ्टवेअरचे पैसे भरलेले. तरी दार बंद.

आता कुणी म्हणेल, थोडा त्रास प्रामाणिक माणसाला झाला, पण चोरी तर थांबली ना? ती थांबली नाही, आणि त्याचं कारण या कुलपाच्या घडणीतच आहे. गाणं विकायचं तर ते ऐकू आलंच पाहिजे, सिनेमा दिसलाच पाहिजे. म्हणजे कुलूपबंद वस्तूबरोबर ती उघडायची किल्लीही प्लेअरमध्ये लपवून घरोघर पाठवावीच लागते. लाखो घरांत किल्ली गेली की ती एका तरी माणसाला सापडतेच, आणि एकाला सापडली की सगळ्यांना मिळते. डीव्हीडीचं कुलूप १९९९ साली उघडलं गेलं, त्यात यॉन योहान्सेन हा नॉर्वेतला पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर पाहण्यात गुन्हा नाही असं म्हणत न्यायालयाने २००३ साली त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षी अपिलातही तो सुटला. सीडींचं तर हसूच झालं. २००२ मध्ये एका प्रकारचं कुलूप तबकडीच्या कडेला साध्या मार्कर पेनाने रेघ ओढून निकामी करता येतं असं दिसून आलं. २००३ मध्ये अ‍ॅलेक्स हाल्डरमन या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याने दाखवलं, की दुसऱ्या एका प्रकाराला सीडी घालताना ‘शिफ्ट’चं बटण दाबून धरलं की पुरे. कंपनीने त्याच्यावर दावा लावायची धमकी दिली आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतली.

मग चोरी कमी कशाने होते? बाजाराने याचं उत्तर दिलेलं आहे. २००७ च्या सुमारास आपल्याकडे मोझर बेअर कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. अधिकृत, चांगल्या वेष्टनातली वस्तू फुटपाथच्या भावात मिळायला लागल्यावर लोकांनी ती हौसेने घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी संगीत कंपन्यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. त्यात साधा हिशेब होता. २००६ साली इंटरनेटवरून कुलूप लावून विकलेली गाणी दोन अब्जांहून कमी, आणि त्याच कंपन्यांनी सीडीवर कुलपाविना विकलेली गाणी वीस अब्जांहून अधिक. मागचं दार सताड उघडं आणि पुढच्या दाराला सात कुलपं! २००९ च्या जानेवारीत अ‍ॅपलच्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं काढायचं जाहीर झालं. गाण्यांचा धंदा त्यामुळे बुडाला नाही.

गाण्यांपुरता हा वाद मागे पडला. पण पुस्तकं, सिनेमे, खेळ आणि सॉफ्टवेअर यांची कुलपं कायम आहेत, आणि आता ती इंटरनेटच्या दोरीने विक्रेत्याच्या हाताशी बांधलेली आहेत. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत काय झालं पाहा. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर लोकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं, ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’, त्यांच्या यंत्रातून परस्पर पुसली गेली. ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी त्यात टिपणं केली होती, ती पुस्तकाबरोबर निरुपयोगी झाली. २०१९ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही वाचकांकडून गेली. तिथेही पैसे परत दिले गेले. पण पुस्तकाचे पैसे आणि पुस्तक यांत फरक आहे. आप्पा बळवंत चौकातलं एखादं दुकान बंद झालं, म्हणून आपल्या कपाटातली पुस्तकं उठून जात नाहीत. ती आजोबांकडून नातवाकडे येतात, मैत्रिणीला वाचायला देता येतात, शेवटी रद्दीतही घालता येतात. हा मालकी हक्क आपण पैसे देऊनही गमावत आहोत आणि दुकानदार मात्र अजून त्याला ‘खरेदी’च म्हणतो आहे.

ज्यांचं नुकसान सगळ्यांत मोठं, त्यांच्याविषयीही बोललं पाहिजे. दृष्टिहीन वाचकाला ई-पुस्तकाने केवढं दार उघडून दिलं असतं! संगणक मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. ब्रेल छापाईची वाट पाहायला नको. पण पुस्तकाचं कुलूप नक्कल करणारा हात आणि वाचून दाखवणारा प्रोग्रॅम यांत भेद करतोच असं नाही. २००९ मध्ये किंडलने पुस्तक वाचून दाखवायची सोय केली, तेव्हा अमेरिकेतल्या लेखक संघटनेने हरकत घेतली आणि कोणत्या पुस्तकाला ही सोय द्यायची हे ठरवणं प्रकाशकांच्या हाती गेलं. पैसे देऊन घेतलेलं पुस्तक एखाद्याला केवळ डोळे नाहीत म्हणून वाचता येऊ नये, ही गोष्ट कुठल्याही हिशेबात बसत नाही.

या बाबतीत आपल्या देशाचा कायदा बराच समंजस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यातल्या ६५ अ या कलमाने असं कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला, पण एका अटीवर: कुलूप तोडण्यामागे हक्क बुडवण्याचा हेतू हवा. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते उघडलं, तर हे कलम आड येत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप उघडणं हाच मुळात अपराध धरला आहे आणि दर तीन वर्षांनी काही सवलती मागून घ्याव्या लागतात. आपल्या कायद्यात एक मजेशीर अटही आहे. दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. त्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करायला मोकळीक दिली. पुढे याच विषयावरचा मराकेश करार जगात सर्वांत आधी, जून २०१४ मध्ये, भारताने मान्य केला. हे आपल्याला अभिमानाने सांगता येईल.

उणीव आहे ती विक्रीच्या वेळच्या खरेपणाची. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येत नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही वस्तूची खरी माहिती मिळण्याचा हक्क आहेच. औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते, तेलाच्या पिशवीवर वजन असतं. मग ई-पुस्तकाच्या किमतीशेजारी ‘ही खरेदी नसून परवाना आहे, दुकान बंद झाल्यास पुस्तक राहीलच असं नाही’ एवढं ठळक मराठीत लिहायला काय हरकत आहे? ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर आपण काय करायचं? डिजिटल वस्तू घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. इंटरनेट नसताना ती चालेल का? संगणक किंवा फोन बदलला तर नव्यावर नेता येईल का? आणि विकणारी कंपनी उद्या बंद पडली तर काय राहील? जिथे पुस्तक किंवा गाणं कुलपाविना मिळत असेल, तिथून घ्यावं, आणि घेताना पूर्ण पैसे देऊन घ्यावं. नाहीतर कुलूप लावणाऱ्यांच्या हाती आपणच कारण देतो. स्वतःचं जे लेखन आहे, वडिलांच्या आठवणी, आईच्या पाककृती, संस्थेची इतिवृत्तं, ते एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नये. त्याची एक प्रत साध्या युनिकोड मजकुरात आणि शक्य असेल तर एक कागदावर ठेवावी. त्या कवीच्या मुलीने दुसरी आवृत्ती काढली ती कागदावरूनच. तेवढं आपल्या घरातल्या मजकुराचं आजच करून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)